काळ्या कव्हरावरच्या रेघा

३ फेब्रुवारी

ताई,

‘वन्सं’ म्हटलेलं तुम्हाला कधी आवडलं नाही, आणि वर ‘सप्रेम नमस्कार’ वगैरे घातलं तर तुम्ही पत्र पुढे वाचणार नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. काल तुमच्यामुळे मी वाचले. त्याचे आभार मानायला हे पत्र.

काल दुकानात एक गृहस्थ जुनी कॉमिक्स विकायला घेऊन आले. खोकं उघडलं आणि माझे डोळेच दिपले. एकाहून एक सुपरहीरो, आणि कव्हरं अशी झगझगीत की जणू कालच छापून आली आहेत. कणा सरळ, कोपरे टोकदार, पिनांवर गंजाचा ठिपका नाही. मनातल्या मनात मी दहापैकी साडेआठ देऊनही टाकले होते. तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, “बघायचं काय त्यात? दिसतंयच की!” झालं. तुम्ही टेबलाच्या पलीकडून दटावताय असं वाटलं. “दिसतंय म्हणूनच मोजायचं.” मग हात धुतले, कोरडे केले आणि एकेक पान मोजत बसले. गृहस्थ घड्याळाकडे बघून उसासे टाकत होते.

तिसऱ्या अंकात, आतल्या एका पानाला खिडकी. कुणीतरी बक्षिसाचं कूपन कातरून घेतलेलं, तेही पट्टी लावून, अगदी सरळ रेषेत. पुढच्या अंकात तसंच. त्याच्या पुढच्यातही. मी वर पाहिलं तर गृहस्थ लाजेनं लाल झाले होते. “मला बिल्ला मिळाला होता हो त्याचा,” म्हणाले. “पोलादी पंखाचा. शाळेत सगळ्यांना दाखवला होता.” मला इतकं हसू आलं की रागवायचं राहूनच गेलं. अंक घेतले, पण आहेत त्या ग्रेडला.

लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा सुपरहीरो म्हणजे पँटीवर चड्डी घालणारे पुरुष, एवढीच माझी विद्या. तुमच्या भावाची अजूनही तेवढीच आहे. तुम्ही मात्र मला पहिल्याच आठवड्यात टेबलाशी बसवलंत, भिंग हातात दिलंत आणि सुनावलंत, “शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांनी भाताचं दुकान काढावं. इथे प्रत्येक शीत बघायचं.” तेव्हा रडायला आलं होतं. आज सांगते, माझ्या माहेरच्या कुणी मला इतकं मन लावून काही शिकवलेलं नाही.

आता खरं काम. आपल्या दुकानाची रीत बाबांनी अजून सोडलेली नाही. दोघांनी अंक पाहायचा, एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. आकडे जुळेपर्यंत अंक विकायचा नाही. तुम्ही गेल्यापासून दुसरी चिठ्ठी मी लिहिते. पण बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. परवा त्यांनी कव्हरावरच्या चंद्राला पाण्याचा डाग समजून अर्धा गुण कापला. मी नुसती चिठ्ठी पुन्हा लिहायला लावली. असं किती दिवस चालणार?

सोबत त्याच खोक्यातला एक अंक पाठवते आहे. बाबांना विचारलेलं नाही. तुम्ही फक्त आकडा लिहून परत पाठवा. दुसरं काही लिहू नका. लिहावंसं वाटलंच तर मी अडवणार नाही.

तुमची भावजय


२१ फेब्रुवारी

ताई,

पार्सल पोचलं. चिठ्ठी मी दुकानात उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली. “सहा. मागच्या कव्हरावर कपाच्या बुडाचा फिकट गोल आहे. तू पाहिला नसशील.”

नव्हता पाहिला! मी साडेसहा दिले होते. उजेडाशी तिरपा धरल्यावर दिसला, तोही तुम्ही सांगितलंत म्हणून. तुम्हाला वाटेल वेडी आहे, पण चूक निघाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. “तू पाहिला नसशील” हे पूर्ण वाक्य आहे. मी तर नुसता आकडा मागितला होता.

बाबांपासून लपवणार होते. पण या घरात काही लपवायचं म्हणजे तुमच्या भावाला आधी घराबाहेर काढावं लागतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. जेवायला बसताच म्हणाला, “ताईची चिठ्ठी आली म्हणे.” बाबांचा घास हातातच राहिला. मग ते उठले, हात धुतले, चिठ्ठी मागितली आणि खिडकीशी नेऊन नाकाला टेकवून बघत राहिले. “सहाचं पोट तिचंच,” म्हणाले. “लहानपणापासून असंच मोठं काढते.” एवढंच. चिठ्ठी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि थंड झालेलं जेवण जेवले.

त्या प्रदर्शनाबद्दल मी लिहिणार नव्हते. पण तुम्ही आणि बाबा दोघंही त्याबद्दल बोलत नाही, आणि ते सगळ्यांच्या मधोमध कपाटासारखं उभं आहे. मी तेव्हा टेबलाच्या टोकाला पावत्या फाडत होते. आई बाबांच्या शेजारी लोकर घेऊन विणत बसल्या होत्या. काचेखाली बाबांचा जीव की प्राण असलेला ‘पोलादपंख’चा पहिला अंक, सबंध काळं कव्हर, ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी. छत्रीवाले संग्राहक आले आणि त्यांनी तुम्हालाच विचारलं, “याला किती द्याल?” तुम्ही अंक काढलात, भिंग लावलंत, तिरपा धरलात आणि म्हणालात, “याला ग्रेड नाही. कण्याजवळ रंग भरलाय कुणीतरी.”

त्यावर बाबा जे म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. “तुझे डोळे फुटलेत. या अंकाला कुणी हात लावलेला नाही.” तुम्ही म्हणालात, पुन्हा बघा. ते म्हणाले, “माझ्या टेबलामागे उभी राहू नकोस.” इतक्या लोकांसमोर! बाबांनी कुणावर आवाज चढवलेला मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. छत्रीवाले ऊन असो नसो छत्री घेऊन फिरतात, आणि तशाच गोष्टीही घेऊन फिरतात. बापाच्या अंकात नसलेला डाग दिसतो ती आपल्या अंकात काय काय बघेल, असं जो तो म्हणायला लागला. ज्या बाईचा आकडा आला की वाद थांबायचे, तिच्याकडे अंक येईनासे झाले. तुम्ही त्या शहरात गेलात, वाचनालयाच्या बांधणी विभागात फाटक्या पुस्तकांना पाठी लावत बसलात. आई गेल्या तेव्हा आलात, दारात उभ्या राहिलात आणि परत गेलात. तुमचं नाव गेलं हे मला कळतं, ताई. या धंद्यात दुसरं असतं तरी काय?

अजून एक अंक पाठवते. यात मी काहीच सोडलेलं नाही असं मला वाटतं. बघा बरं.

तुमची भावजय


१६ मार्च

ताई,

महिन्याभरात किती पार्सलं झाली बघा. पोस्टातला माणूस आता मला बघून हसतो. तुमच्या चिठ्ठ्याही लांबत चालल्या आहेत. परवाची तर दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. त्यात अर्धी अक्कल काढली होती माझी, पण ती काढायला आधी ती आहे असं मानावं लागतं. आभारी आहे.

आज लिहायचं कारण वेगळं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, आधी उजवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी साधं असतं, घाबरू नका. बाबा म्हणाले, घाबरतो कोण. मग घरी येऊन त्यांनी सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मला समजावून सांगितल्या, कुलपाला कसं थोडं उचलून फिरवायचं तेसुद्धा. घाबरत नाहीत म्हणे.

आणि आज दुपारी त्यांनी मला बोलावलं. काचेचं कपाट उघडं होतं. ‘पोलादपंख’ टेबलावर. “हा तिला पाठव,” म्हणाले. मला वाटलं, चुकून भलताच अंक निघाला असेल. त्यांना दिसतं कुठे? म्हणून विचारलं, “बाबा, हा तो काळा आहे.” ते म्हणाले, “मला माहितीये कुठला आहे ते. तिला म्हणावं, आकडा लिही.”

“आणि तिनं तेव्हाचंच लिहिलं तर?”

“तर तेच दुकानाच्या यादीत छापायचं. तिच्या नावानं.”

ताई, बाबांना ‘चुकलो’ म्हणता येत नाही. त्यांच्या पिढीत तो शब्द फक्त बायकांना शिकवायचे. पण अंकाला नवं पाकीट त्यांनी स्वतः लावलं, मागे स्वतः पुठ्ठा घातला. कडा चाचपून चाचपून, मला मदत करू न देता. मी जवळ उभी राहून बघत होते. ज्या अंकावरून त्यांनी तुम्हाला टेबलामागून हाकललं, तोच अंक तुमच्या हातात देताहेत. अजून काय करावं म्हाताऱ्यानं?

टेबल तुमचं, भिंग तुमचं. जे दिसेल ते लिहा. इकडे कुणी काही म्हणणार नाही.

तुमची भावजय


५ एप्रिल, सकाळी

ताई,

हातात ब्लेड असेल तर आधी खाली ठेवा. मग वाचा.

हे पत्र तुमच्या भावाच्या हाती देते आहे. तुम्ही फोन नंबर बदललात तो आमच्याकडे नाही, पोस्टाला तीन दिवस लागतात आणि तुम्ही रविवार म्हटलंय. त्याला आत काय लिहिलंय ते सांगितलेलं नाही. फक्त म्हटलंय, “ताईच्या हातात दे, आणि ती वाचून होईपर्यंत टेबलाच्या आणि तिच्या मध्ये उभा राहा.” लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे, मध्ये अडकून राहायची सवय आहे त्याला.

तुमची चिठ्ठी काल आली. बाबांच्या उजव्या डोळ्याला पट्टी आहे आणि डाव्यात धुकं, म्हणून मीच मोठ्यानं वाचली. “तेव्हा म्हटलं तेच. कण्यालगत पाच रेघा पेनच्या काळ्या शाईनं भरल्या आहेत. शाई कागदात मुरलेली नाही, वरवर आहे. रविवारी खरवडून काढते. खालच्या पांढऱ्या रेघा उघड्या पडतील, साडेचारच मिळतील, पण अंक स्वच्छ होईल, त्यावर ‘रंग भरलेला’ असा शिक्का राहणार नाही. बाबांना सांग, पट्टी निघेल तेव्हा त्यांना शुद्ध अंक बघायला मिळेल.”

मी वाचता वाचताच आनंदले होते. तुम्ही रागावून नाही, त्यांच्यासाठी लिहिलं होतंत. त्यांच्या अंकाचा डाग तुम्ही स्वतःच्या हातानं काढणार होतात. मी म्हटलं, “बघा बाबा, तुमची लेक!” आणि वर पाहिलं तर बाबा खुर्चीच्या दांड्या धरून उठायला बघत होते. “थांबव तिला,” म्हणाले. “आत्ताच्या आत्ता थांबव.”

मला वाटलं, जुना हट्ट परत उसळला. मी जरा रागानंच म्हटलं, “का म्हणून? रंग नाहीच म्हणायचं का अजून?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. आणि वर बजावलं की हे तुम्हाला कळता कामा नये, तिला नुसतं थांबव, कारण देऊ नकोस. मी हो म्हटलं. पण कारण दिल्याशिवाय तुम्हाला कुणी कधी थांबवू शकलंय? मी शब्द मोडते आहे. त्याचं जे व्हायचं ते होवो.

रंग आईंनी भरला होता.

प्रदर्शनाच्या आधीच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं तो अंक बघताना कव्हर मागे दुमडलं. काळ्या कव्हरावर घडी पडली की रंग फुटतो, पांढऱ्या रेघा दिसतात, हे तुम्ही जाणताच. बाबा चार दिवस धड जेवले नाहीत. आईंना ते बघवेना. त्यांना काय ठाऊक तुमचं ग्रेड आणि भिंग? त्यांना एवढंच ठाऊक, की बुटाचा रंग उडाला की काळं लावायचं, स्वेटर उसवला की टाका घालायचा. घरात एक वस्तू त्यांनी फुटकी राहू दिली नाही. एका रविवारी बाबा दुपारचे झोपले असताना त्यांनी काळं पेन घेतलं आणि एकेक रेघ भरली. संध्याकाळी बाबांसमोर अंक धरला आणि विचारलं, “ओळखा बघू, कुठे होत्या?”

बाबा म्हणाले, “वा! ओळखूच येत नाही गं.” मग न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले. हे त्यांनी मला सांगितलं, ताई. पट्टी बांधलेल्या डोळ्यानं, भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर तो अंक विकायचा प्रश्नच नव्हता. काचेखाली ठेवला आणि पाटी लावली. प्रदर्शनात का नेला? तर आई म्हणाल्या, “तुमचा एवढा चांगला अंक, लोकांना दाखवा की.” आणि मग तुम्ही भिंग लावलंत. आई शेजारी बसल्या होत्या. बाबा म्हणाले, “ती एका हाताला होती, पोरगी दुसऱ्या हाताला. पोरगी तरुण होती. वाटलं, ती सावरेल. घरी जाऊन तिला समजावू.” पण तुम्ही घरी आलातच नाहीत. आणि बाबा तरी कुठे आले तुमच्यामागे? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, “गेलो असतो तर सांगावं लागलं असतं. आणि सांगितल्यावर तू आईशी आधीसारखी बोलली असतीस का, असं तिला विचारायची माझी छाती झाली नाही.”

त्या दिवशी घरी येताना आईंनी त्यांना विचारलं होतं, “रंग भरलेला वाईट असतो का हो?” बाबा म्हणाले, “छे, पोरगी उगाच काहीतरी बोलते.” आई गेल्या तोवर त्यांना हेच खरं वाटत होतं, की त्यांनी तो अंक बरा केला.

आता तुमच्या टेबलावर आईंच्या हातच्या पाच रेघा आहेत. त्या खरवडल्या तर अंक स्वच्छ होईल, हे खरंच आहे. मी तुम्हाला काय करावं ते सांगणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. फक्त कुणाची शाई आहे ते माहीत असताना करा.

तुमचा भाऊ दारात बूट घालतोय आणि विचारतोय, कॉमिक्ससाठी एवढी धावपळ? गाढवाला गुळाची चव काय! त्याला जेवू घाला, सकाळी काही खाल्लेलं नाही.

तुमची भावजय


२० एप्रिल

ताई,

तुम्ही परत पोचलात हे कळलं, आणि नवा नंबरही मिळाला. तरी फोन न करता लिहिते आहे. फोनवर मी रडेन आणि तुम्ही “बरं बरं” म्हणून ठेवून द्याल. कागदावर मला नीट आभार मानता येतात.

तुम्ही आलात म्हणून आभार. पत्राचं उत्तर येईल एवढीच माझी उडी होती. सकाळी दार उघडलं तर तुमचा भाऊ, आणि त्याच्यामागे तुम्ही, छातीशी चपटं पाकीट धरून. तो मोठ्या रुबाबात म्हणाला, “मी मध्ये उभा राहिलो, पण उशीर झाला होता.” मी तिथेच दाराची चौकट धरली. रविवार म्हणून शनिवारी सुरुवात करणारी बाई तुम्ही! तो पोचला तेव्हा वरच्या दोन रेघा निघालेल्या होत्या.

आणि मग तुम्ही जे केलं होतंत, ते तुम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते. ज्या बाईनं आयुष्यात कुणाच्या अंकाला साधी चिकटपट्टी लावलेली खपवून घेतली नाही, टोक दुमडलं तर ते बोटानं सरळसुद्धा करू दिलं नाही, त्या बाईनं माझं पत्र वाचल्यावर काळं पेन आणलं आणि त्या दोन रेघा पुन्हा भरल्या.

बाबांची पट्टी आदल्याच दिवशी निघाली होती. कुणी आधी बोलायचं, या घोळात तुम्ही दोघं, आणि मी चहाच्या निमित्तानं आत. तुम्हाला वाटलं असेल मला ऐकू येत नव्हतं. मी चहा ठेवलाच नव्हता. बाबांनी अंक खिडकीशी नेला, नव्या डोळ्यानं तिरपा धरून कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाले, “या खालच्या तीन तिच्या. ती जरा बाहेर जायची. वरच्या दोन कुणाच्या?”

“माझ्या.”

“फार नेमक्या आहेत. वाईट भरल्यास.”

तुम्ही हसलात. मग हसताना मध्येच थांबलात, आणि पुढे काही ऐकू आलं नाही. मी खरंच चहा ठेवला. तुम्ही दोघं त्या दिवशी आईंबद्दल जे बोलत बसलात, आणि मलाही बोलावून बसवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. या घरात मी इतकी वर्षं आहे, पण त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की मी पाहुणी नाही.

मात्र एक गोष्ट मनात खुपत होती, आणि तुमच्याही खुपत असणार. घरात सगळं मिटलं, पण तुमचं नाव घरात गेलं नव्हतं. ते प्रदर्शनात गेलं होतं, लोकांसमोर. बाबांनी तुमच्याजवळ मन मोकळं केलं, पण बाहेर काय? बाहेर सांगायचं तर आईंचं नाव घ्यावं लागणार. मी त्यांना काही म्हटलं नाही. तुम्हीही जाताना म्हणालात, “जाऊ दे, आता मला काही नको.” ते खोटं होतं, हे मला तुम्हीच शिकवलेल्या नजरेनं दिसलं.

म्हणून कालचं सविस्तर लिहिते. काल शनिवार, दुकानात नेहमीची मंडळी जमलेली. चार-पाच संग्राहक खोकी चाळत होते, आणि छत्रीवाले होते. बाहेर रखरखीत ऊन. ‘पोलादपंख’ कपाटात नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. “विकलात की काय?” म्हणाले. बाबा उठले, आतून अंक आणला, पाकिटातून काढला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. त्या प्रदर्शनानंतर तो बाहेरच्या कुणाच्या हाती दिला नव्हता. छत्रीवाल्यांनी छत्री ठेवली, भिंग घेतलं. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. हळूच म्हणाले, “अहो, यात रंग आहे की.”

“आहे,” बाबा म्हणाले. “माझ्या मुलीनं तुमच्यादेखत सांगितलं होतं. मी तुमच्यादेखत तिला खोटं पाडलं. ती बरोबर होती, मी खोटं बोललो.”

खोकी चाळणारे हात थांबले. मी कोपऱ्यात पाकिटं चिकटवत होते, माझेही थांबले. “पण का?” छत्रीवाले म्हणाले.

“रंग माझ्या बायकोनं भरला होता. मला बरं वाटावं म्हणून. ती शेजारी बसली होती हो, विणत.” मग बाबांनी कव्हरावर बोट ठेवलं. कव्हराला बोट लावू नये हे आम्हाला शिकवणाऱ्या माणसानं! “या तीन तिच्या. आणि या दोन मुलीनं भरल्या, मागच्या पंधरवड्यात, माझ्यासाठी. घ्या, नीट बघा.”

ते हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज जराही खाली गेला नाही, ताई. मला वाटत होतं, त्यांना लाज वाटेल. ते तर दाखवत होते, जसं कुणी नातवंडाचं चित्र दाखवावं. एकेकाला बोलावून दाखवलं. शेवटी छत्रीवाल्यांकडे वळून म्हणाले, “आता हे सगळीकडे सांगा. तुम्हाला ते छान जमतं.”

छत्रीवाल्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि छत्री उचलली. कुणी भाव विचारला नाही. निघताना मात्र त्यांनी मला दाराशी गाठलं. घरी त्यांच्याकडे एक खोकं आहे, वडलांच्या वेळचं. तुम्ही गेल्यापासून त्यांनी ते कुणालाच दाखवलेलं नाही. म्हणाले, “उगाच कुणाचाही आकडा घेऊन काय करू? त्यांना विचाराल का, माझे अंक बघतील का म्हणून? जो आकडा देतील तो घेईन, एक शब्द बोलणार नाही.” मग मान खाली घालून म्हणाले, “मी तेव्हा फार बोललो होतो.”

तुमचा पत्ता मागत होते. मी दिला नाही. म्हटलं, आधी ताईंना विचारते.

तर विचारते आहे, ताई. देऊ ना?

तुमची भावजय